प्यायलेला ड्रायव्हर वाचला, गावचं पोरगं गेलं, आणि लोक म्हणतात डॉक्टरने चुकीचा माणूस उचलला

पत्र लिहिणारी डॉक्टर अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करते, मराठवाड्यात. नाव-गाव काढून टाकलंय, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. तिचं म्हणणं थोडक्यात असं:

"रात्रीचा कॉल होता, पिकअप आणि मोटारसायकल समोरासमोर. आमची गाडी बीएलएस, म्हणजे साधी, प्राथमिक उपचारांची; त्यात मी, पायलट म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, आणि एक स्ट्रेचर. पोचलो तर चार जण. मोटारसायकल चालवणारा मुलगा एकोणीस-वीसचा, निपचित. श्वास नाही. जबडा पुढे ओढून श्वासमार्ग मोकळा केला तरी श्वास नाही, मानेची नाडी लागली नाही. मागे बसलेला त्याचा मित्र मांडीचं हाड मोडून जिवाच्या आकांताने ओरडत होता. पिकअपचा ड्रायव्हर छाती स्टिअरिंगवर आपटलेला, धापा टाकत होता, मनगटाची नाडी लागेना, विचारलं एक तर सांगत भलतंच. त्याच्या शेजारची बाई खरचटलेली पण चालत होती. मी ड्रायव्हरला स्ट्रेचरवर घेतलं, मित्राच्या पायाला स्प्लिंट बांधून त्याला बाजूला स्पाइन बोर्डवर घेतलं आणि निघालो. निघताना दुसरी गाडी मागवली, ती लांबून यायची होती, वेळ लागला. मुलगा गेला. ड्रायव्हर वाचला, तो प्यायलेला होता असं नंतर कळलं. मुलगा तिथलाच, पलीकडच्या वस्तीवरचा. आता गावात म्हणतात डॉक्टरीणबाईने दारुड्याला नेलं आणि आमचं पोरगं रस्त्यावर टाकलं. त्याची आई गाडीचं दार धरून उभी होती, तिच्याशी मी एक शब्द बोलले नाही. मी बीएएमएस, माझ्या जागी एमडी असता तर दोघंही वाचले असते का? त्या आईला भेटायला जाऊ का? नोकरी सोडावी असं रोज वाटतं."

डॉक्टर,

तुम्ही विचारलेत तीन प्रश्न, पण सगळ्या पत्राखाली एकच वाक्य आहे, की दोघांमधून एकाला निवडायचं होतं आणि मी चुकीचा निवडला. मला आधी तिथेच थांबायचंय. कारण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी दोघं तुमच्यासमोर तराजूच्या दोन पारड्यांत बसलेले नव्हतेच. एक जण जिवंत होता आणि जायच्या बेतात होता, दुसऱ्याचा श्वास श्वासमार्ग मोकळा करूनही परत आला नाही आणि नाडी नव्हती. लोकांना ते दोघं सारखे जखमी दिसले, कारण लोकांनी रस्त्यावर पडलेली दोन माणसं बघितली. तुम्ही हात लावून बघितलं होतं.

ट्रायजची, म्हणजे जखमींमध्ये आधी कुणाकडे जायचं ते ठरवण्याची, जी पद्धत खूप ठिकाणी शिकवली जाते ती, स्टार्ट, १९८३ ला कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचच्या फायर डिपार्टमेंटने आणि होग हॉस्पिटलने मिळून बसवली. तुम्हाला ती पाठ असेल पण हे सदर बाकीचेही वाचतात म्हणून सांगते. लाल म्हणजे सगळ्यात आधी न्यायचा, पिवळा त्याच्यानंतर, हिरवा थांबू शकतो, काळा म्हणजे वाचण्याची आशा नाही. जो चालू शकतो तो हिरवा. जो चालत नाही त्याचा श्वास बघायचा, नसेल तर श्वासमार्ग मोकळा करून परत बघायचा, आला तर लाल, नाही आला तर काळा आणि पुढच्या माणसाकडे जायचं. श्वास मिनिटाला ३० च्या वर असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल तर लाल. साधी सूचना, म्हणजे डोळे उघडा, हात दाबा, एवढीसुद्धा पाळता येत नसेल तर लाल. बाकी सगळे पिवळे. एका माणसाला साधारण अर्धा मिनिट, त्याहून जास्त नाही, आणि त्या अर्ध्या मिनिटात उपचार दोनच, श्वासमार्ग मोकळा करणं आणि भळभळणारं रक्त दाबून थांबवणं. (नख दाबून सोडल्यावर त्याखालचा रंग दोन सेकंदांत परत येतो का हेही मूळ पद्धतीत होतं, पण अंधारात आणि थंडीत त्यावर विसंबता येत नाही, म्हणून नाडी. तुम्ही रात्री नाडी बघितलीत हे बरोबरच केलंत.) आता तुमचे चार जण या ओळींवर ठेवून बघा. बाई हिरवी, मित्र पिवळा, ड्रायव्हर एकदा नाही तीनदा लाल, आणि मुलगा काळा. हे मी आज टेबलाशी बसून सांगतेय, तुम्ही ते अंधारात, गर्दीत, लोक खांद्याला धरून ओढत असताना केलंत.

एक मात्र खरं, की काळा हा शब्द ऐकायला फार क्रूर आहे आणि तो एकट्यादुकट्या पेशंटसाठी नाहीच. त्या रस्त्यावर फक्त तो मुलगा असता तर तुम्ही अंबू, म्हणजे हाताने दाबून श्वास देणारी पिशवी, लावली असती, छाती दाबली असती, हॉस्पिटलपर्यंत दाबत गेला असता, आणि तेच योग्य ठरलं असतं. चार जखमी आणि तुम्ही एकट्या, म्हणून हिशोब बदलला. मुलाचं मोल कमी झालं असा त्याचा अर्थ होत नाही, हात कमी पडले एवढाच होतो. तुमच्या डोक्यात या दोन गोष्टींची गाठ बसलीय आणि झोप उडालीय ती बहुतेक त्या गाठीमुळे.

आता ड्रायव्हर प्यायलेला होता त्याचं. गावाचा राग मला समजतो, माझ्या घरातलं कुणी गेलं असतं तर मीही हेच बोलले असते. पण तुम्हीसुद्धा पत्रात ती गोष्ट अशा जागी लिहिलीय की जणू ती आधी कळली असती तर तुमचा क्रम बदलायला हवा होता. नसता बदलला. बदलायला नकोच. दोनशे वर्षांपूर्वी नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन दोमिनिक लारे याने युद्धभूमीवर हा नियम लावला की आधी बघायचं ते जखम किती गंभीर आहे हे, हुद्दा नाही, आणि शत्रूच्या जखमींवरही त्याने उपचार केले. तिथपासून आजपर्यंत या कामाचा पाया तोच आहे. कोण दोषी ते पोलीस बघतील, रक्तातलं अल्कोहोल तपासलं जाईल, कोर्ट ठरवेल, त्याला वेळ आहे. स्ट्रेचरपाशी उभं राहून डॉक्टरने तो निवाडा करायला लागलं तर उद्या कुणी हेल्मेट न घातलेल्याला मागे ठेवेल, कुणी परक्या जातीच्याला, कुणी परगावच्याला. आपल्याकडे हे होणार नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, म्हणून तो दरवाजा बंदच राहिलेला बरा. शिवाय वैद्यकीय बाजूनेही जपून राहा, दारूचा वास येतोय म्हणून गोंधळलेल्या माणसाला नुसताच प्यायलेला समजणं ही कॅज्युअल्टीतली फार जुनी फसगत आहे, डोक्यात रक्तस्राव असलेले किंवा साखर उतरलेले असे कितीतरी पेशंट कोपऱ्यात झोपवून ठेवले जातात.

एमडी असता तर? नाही डॉक्टर. जोरदार मुक्या माराने हृदय थांबलेलं असतं तेव्हा सुसज्ज ट्रॉमा सेंटरच्या दारातसुद्धा फार थोडे वाचतात. तिथे हृदय बऱ्याचदा रिकामं असतं, रक्त पोटात किंवा छातीत सांडून गेलेलं असतं, मग दाबून फिरवायचं काय. छातीत हवा कोंडली असेल तर ती सुईने किंवा नळी टाकून काढणं, रक्त देणं, छाती उघडणं, असल्या गोष्टींनी एखादा परत येतो, आणि त्यासाठी चार हात, उजेड आणि सामान लागतं. तुमच्या गाडीत ते नव्हतं. महाराष्ट्रात २०१४ ला १०८ अ‍ॅम्ब्युलन्स सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्यांपैकी २३३ एएलएस, म्हणजे जास्त सामान असलेल्या, होत्या आणि ७०४ बीएलएस, म्हणजे बहुतेक ठिकाणी रस्त्यावर पहिली पोचणारी गाडी कोणती असणार हे उघड आहे. डिग्री बदलून त्या रात्रीचं सामान बदललं नसतं. आणि हेही लक्षात घ्या, समजा ड्रायव्हर वाटेत गेला असता तरी तुमचा निर्णय बरोबरच राहिला असता. तो वाचला म्हणून निर्णय चांगला ठरत नाही आणि मुलगा गेला म्हणून वाईट ठरत नाही. त्या मिनिटाला तुमच्या बोटांना काय कळलं त्यावर तो ठरतो.

पण मी सगळंच छान छान सांगून तुम्हाला परत पाठवणार नाही, तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला ते पटणारही नाही. दोन गोष्टी पुढच्या वेळी वेगळ्या करता येतील.

पहिली, दुसरी गाडी. तुम्ही ती निघताना मागवलीत. समोरासमोर धडक, दोन वाहनं, एवढं कॉलवर कळलं की पोचायच्या आधीच दुसरी गाडी तयार ठेवायला सांगा आणि उतरल्यावर पहिली फेरी झाली की लगेच कॉल सेंटरला आकडा द्या, लाल किती, पिवळे किती, काळे किती, रस्ता मोकळा आहे का. नको असेल तर ती गाडी परत पाठवता येते, त्याबद्दल कुणी कुरकुर केली तर करू दे. या मुलासाठी त्याने फरक पडला असता असं मला वाटत नाही, पण त्याच्या मित्रासारख्या पिवळ्याला तो पडू शकतो, कारण मांडीचं एक हाड मोडलं की मांडीच्या आत लिटरभर रक्त सहज साचतं आणि आता पिवळा असलेला पेशंट अर्ध्या तासाने लाल होतो. म्हणूनच ट्रायज एकदा करून संपत नाही. गाडीत बसल्यावर परत, वाटेत परत. तुम्ही मित्राला सोबत घेतलंत, त्याची नाडी तुमच्या हाताखाली राहिली, हे पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलंय आणि माझ्या मते त्या रात्रीचा तो सगळ्यात चांगला निर्णय होता.

दुसरी गोष्ट ती आई.

इथे मला थोडं जास्त बोलायचंय, कारण या कामात सगळ्यात कमी शिकवली जाते ती हीच बाजू. क्रम लावायला शिकवतात, ज्याला मागे ठेवलं त्याच्या माणसांशी काय बोलायचं हे कुणी शिकवत नाही. गावाला जो राग आलाय त्यातला मोठा भाग मला वाटतं न बोलण्याचा आहे. त्यांनी काय बघितलं? डॉक्टर मुलाजवळ क्षणभर वाकली, उठली, दुसऱ्याकडे गेली, गाडी निघून गेली. त्या क्षणभरात तुम्ही श्वास बघितला, जबडा ओढला, परत बघितला, नाडी बघितली, हे त्यांना कसं कळणार? त्यांना वाटलं बघितलंच नाही. अशा वेळी दहा-पंधरा सेकंदांची दोन वाक्यं पुरतात आणि ती आधीच पाठ करून ठेवायची, कारण तेव्हा सुचत नाहीत. "मी डॉक्टर आहे. मी याला तपासलं, श्वास आणि नाडी मिळत नाहीये, श्वासाची वाट मोकळी करून बघितली. दुसरी गाडी येतेय. तुम्ही याच्याजवळ थांबा." एवढंच. गेला असं रस्त्यावर जाहीर करू नका, ते कॅज्युअल्टीत होईल. वाचेल असंही म्हणू नका. आणि जवळच्या एखाद्या धीराच्या माणसाला, पोलीस पाटील असेल, शिक्षक असेल, त्याला नाव विचारून काम द्या, गर्दी बाजूला कर, याच्या घरच्यांजवळ थांब. ज्याला छाती दाबता येते असा कुणी तिथे मोकळा असेल तर त्याला दाबू दे, अडवू नका, त्यात तुमचे हात अडकत नाहीत ना एवढंच बघा. घरच्यांना नंतर आयुष्यभर एवढं तरी राहतं की त्याला एकटं टाकलं नव्हतं.

मग आता भेटायला जायचं का? माझं मत, जायला हरकत नाही पण आत्ता नाही आणि एकटीने नाही. गावाचा राग अजून ओला आहे, शिवाय एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी केस आहे, त्यामुळे आधी तुमच्या सुपरवायझरला किंवा जिल्ह्याच्या मॅनेजरला सांगा, तोंडी नको, लिहून. गावात सगळे मानतात अशी एखादी व्यक्ती असते, आशाताई असेल, सरपंच असतील, त्यांच्याकडून विचारून घ्या की आईला भेट हवीय का. नको म्हणाली तर तो विषय तिथे संपला, तिच्यावर तुमच्या मन हलकं करण्याचं ओझं टाकू नका. हो म्हणाली तर समजवायला जाऊ नका, ऐकायला जा. "तो तसाही वाचला नसता" हे वाक्य खरं असलं तरी तुमच्या तोंडून पहिल्यांदा यायला नको. तिने विचारलं तर काय काय बघितलंत ते साध्या शब्दांत सांगा, त्याला त्रास होत होता का विचारेल, बहुतेक आया तेच विचारतात, तेव्हा सांगा की मी पोचले तेव्हा त्याला कळत नव्हतं. ड्रायव्हरबद्दल एक अक्षरही नको, तो तुमचा पेशंट आहे आणि त्याची माहिती सांगायचा अधिकार तुम्हाला नाही, कितीही विचारलं तरी. आणि जायचं धाडस होत नसेल तर न जाणं हाही योग्य पर्याय आहे, त्यात भित्रेपणा काही नाही.

तक्रार होईल अशी भीती पत्रात दोन ठिकाणी डोकावते म्हणून थोडक्यात. त्या रात्रीचा पीसीआर, म्हणजे पेशंटच्या तपासणीचा आणि उपचारांचा नोंदीचा कागद, नीट भरलेला आहे का बघा, चौघांच्याही नोंदी, वेळा, मुलाच्या बाबतीत काय तपासलं आणि काय मिळालं नाही हे सगळं. काही राहिलं असेल तर जुन्या कागदावर खाडाखोड न करता आजच्या तारखेची वेगळी नोंद करून द्या. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की निर्णयातली चूक म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे आणि डॉक्टरवर फौजदारी लावायची तर तो निष्काळजीपणा फार गंभीर असावा लागतो, आणि तुमची तर मला चूकही दिसत नाही. कुणी अंगावर आलं, गाडी फोडली, तर महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. गरज पडू नये, पण माहीत असावं.

आता जे डॉक्टर नाहीत आणि इथवर वाचत आलेत त्यांच्यासाठी, कारण अपघाताच्या जागी अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी तुम्हीच असता. ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. आधी गप्प पडलेल्याकडे जा. रक्त भळाभळा जात असेल तर स्वच्छ कापडाचा बोळा करून जोरात दाबा आणि दाबूनच ठेवा, दर मिनिटाला उचलून बघू नका. तोंडात पाणी ओतू नका. हाता-पायाला धरून उचलून रिक्षात कोंबू नका, आग किंवा मागून येणाऱ्या गाड्यांचा धोका असेल तरच हलवा. फोनवर जखमी किती, कोण श्वास घेत नाही आणि जागा नेमकी कुठली ते सांगा, हायवेवर कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितलात तर गाडी भलत्या फाट्यावर जात नाही. पोलिसांच्या लफड्याची भीती सोडा, मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १३४ अ आलं, मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही.

आणि कृपा करून या पत्रावरून असं समजू नका की थांबलेल्या हृदयाला दाबून उपयोग नसतो. घरात, लग्नात, मैदानावर एखादा अचानक कोसळला, श्वास नाही, तर ताबडतोब छातीच्या मधोमध दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, गाडी येईपर्यंत. बुडालेला, शॉक लागलेला, यांच्याबाबतीतही थांबू नका, फक्त शॉकमध्ये आधी मेन स्विच बंद करा आणि बुडालेल्याला आधी तोंडाने श्वास द्या. वीज पडल्यावर तर ट्रायजचा क्रमच उलटा होतो, हे मराठवाडा-विदर्भातल्या प्रत्येक शेतावर माहीत असायला हवं. झाडाखाली पाच जण असतील तर जे कण्हतायत, हलतायत ते बहुतेक जगतात, जो मेल्यासारखा पडलाय त्याच्याकडे आधी जायचं, कारण विजेने हृदय आणि श्वास थांबतात पण शरीर बाकी धड असतं, आणि वेळेवर दाबलं, श्वास दिला तर तो परत येऊ शकतो. त्याच्या अंगात करंट राहत नाही, हात लावायला घाबरू नका.

तर डॉक्टर, नोकरी. सोडायची तर सोडा, कुणाला उत्तर देणं लागत नाही. पण झोप नसताना आणि गाव तोंडावर बोलत असताना घेतलेला निर्णय हा नोकरीबद्दलचा नसतो, त्या रात्रीबद्दलचा असतो. दोन-तीन महिने लांबवा. तोवर त्या लोकेशनवरून बदली मागा, नाहीतर रजा घ्या, रात्रपाळी काही दिवस नको म्हणा. एखाद्या जुन्या सहकाऱ्याशी बोला ज्याने असे कॉल केलेत, पण तुम्हाला बोलावंसं वाटेल तेव्हाच, कुणी बळेच बसवून सगळं पुन्हा उकरायला लावलं तर त्याचा फायदा होत नाही, त्रास वाढू शकतो. ती रात्र परत परत डोळ्यांसमोर येणं, दचकून जाग येणं, सायरन ऐकून छातीत धडधडणं, हे महिन्याच्या पुढे चाललं किंवा जगणंच नको असं मनात आलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, लाजू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीत बोलतात, रात्रीसुद्धा. झोपेसाठी स्वतःच गोळ्या सुरू करू नका, आपण डॉक्टर लोक ते फार पटकन करतो.

आणि तुमच्या पायलटला एकदा विचारा, तो कसा आहे. आईच्या हातातून दार सोडवून लावायचं काम त्यालाच करावं लागलं असणार, आणि त्याच्याबद्दल पत्रात काहीच नाही.